चाचणीनंतरची खिचडी

मोलगीच्या बाजाराला निघालेल्या जीपमध्ये मी मागच्या बाजूला बसलो होतो. आमच्या पाड्यावर फोनला रेंज नाही. चढ संपून माथा आला की सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागतात आणि जीपमध्ये नुसता कलकलाट होतो. त्या दिवशी माझाही वाजला. विसरवाडीहून रमिलाबाईंचा मुलगा बोलत होता. "सर, माय गयी..." तो म्हणाला. सकाळी चहा घेताना त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी जीप थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून राहिलो. मागच्याच बाजाराच्या दिवशी याच माथ्यावरून त्यांच्याशी बोललो होतो. निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं, तरी त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, यंदाची चाचणी कधी आहे.

रमिलाबाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा दोन खोल्यांची, पहिली ते पाचवी, आणि शिकवायला त्या आणि मी. मी कळसाडीचा, कापूस-उसाच्या सपाट मुलखातला. नेमणुकीचा कागद घेऊन पहिल्यांदा धापा टाकत वर पोचलो तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "काय सर, इतलामाच थकी गयात? पोरं रोज चढतस!" त्या स्वतः हायवेलगत वाढलेल्या. ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे त्या कानात काही सांगू लागल्या तरी पलीकडच्या टेकडीवर ऐकू जायचं. मुलांची घरची बोली त्या मुलांकडूनच शिकल्या. चुकलं की पोरं खदखदून हसायची आणि त्याही हसायच्या. एक गोष्ट मात्र त्यांना जन्मात जमली नाही, ती म्हणजे स्वयंपाक. त्यांची खिचडी दर वेळी बुडाला लागायची. "मन्ही खिचडी दुरूनच वळखू येस," असं त्या अभिमानाने सांगायच्या.

माझ्या पहिल्याच वर्षी ती चाचणी झाली. सगळीकडे एकच पेपर, एकच दिवस, आणि वर्गावर दुसऱ्या शाळेचे गुरुजी. आम्ही दोघं नियमाप्रमाणे बाहेर. ते गुरुजी पाणी प्यायला ओट्यावर आले आणि नेमकी तेव्हाच तालुक्याच्या साहेबांची जीप अंगणात येऊन थांबली. साहेब थेट वर्गात शिरले, मागोमाग आम्ही. आत बघतो तर, ज्यांचा पेपर झाला होता ती मुलं उठून, ज्यांचा राहिला होता त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती. बोट ठेवून उत्तरं सांगणं चाललं होतं. कोणी दचकलं नाही, कोणी लपवलं नाही. पाचवीतली जमुना तर साहेबांकडे बघून हसली आणि म्हणाली, "माझं झालं, सर. हिचं राहिलंय."

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. सगळा वर्ग मिळून कॉपी! निकाल राखून ठेवला, बाईंकडून खुलासा मागितला. पुढच्या आठवड्यात चाचणी पुन्हा घ्यायची, आणि पुन्हा हेच दिसलं तर बाईंची चौकशी आणि शाळेवर कायमचा शिक्का. मी घाबरलो. बाई मात्र शांतपणे सांगू लागल्या. इथे एकाच्या शेतात निंदणीला सगळा पाडा जातो, त्याला लाह म्हणतात. मजुरी नाही, ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. आपलं झालं म्हणून दुसऱ्याचं अर्धवट टाकून निघून जाणं, याची इथे लाज वाटते. साहेब वैतागून म्हणाले, "बाई, पेपर म्हणजे शेत नव्हे." बाई म्हणाल्या, "नव्हेच साहेब. पण हे पोरांना सांगायचं राहून गेलं."

मला वाटलं, आता पोरांची खरडपट्टी निघणार. साहेब गेल्यावर त्या माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "पोरं चोर नहीत, सर." दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना विचारलं, पेरणीआधी बी कसं तपासता? सगळ्यांना ठाऊक होतं. ओल्या फडक्यात मूठभर दाणे बांधायचे, मोड येतात का बघायचे. मग दोन घरांचं बी एकाच फडक्यात का नाही बांधत? कोणाचं किडकं ते कळणार नाही, जमुना म्हणाली. "मग पेपर म्हणजे ते फडकं," बाई म्हणाल्या. "ज्याचं त्याने आपलंच बांधायचं. म्हणजे कोणाला कुठे मदत लागते ते मला कळेल. पेपर गोळा झाले की आपली लाह. जेवण माझ्याकडे."

पुन्हा चाचणी झाली तो दिवस मी विसरू शकत नाही. साहेब खुर्ची टाकून वर्गातच बसले होते. आम्ही खिडकीबाहेर. जमुनाचा पेपर सगळ्यांत आधी झाला. शेजारच्या मैत्रिणीचा निम्मा कोरा. जमुना आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. बाईंनी पदर तोंडाला लावला. मला म्हणाल्या, "किती अवघड काम दिलं मी त्यांना..." पेपर गोळा झाले आणि वर्ग एकदम जागा झाला. त्याच प्रश्नांभोवती घोळके जमले, फरशीवर खडूने गणितं उमटली. जमुना मैत्रिणीला हातच्याची वजाबाकी तीन-तीनदा समजावत होती. बाई चुलीपाशी मोठी पळी घेऊन बसल्या, आणि एक डोळा वर्गाकडे राहिल्यामुळे खिचडी करपली. साहेबांनीही खाल्ली. जाताना म्हणाले, "खुलासा पाठवू नका."

निकाल आला तो पार तळाचा. मी खजील झालो होतो, बाई खूश! "आता कळलं ना, कोणाचं काय अडलंय ते." तो निकाल पुढ्यात ठेवून त्यांनी वर्षभर शिकवलं. पुढे दर चाचणीनंतर लाह आणि खिचडी ठरून गेली. आकडे हळूहळू सुधारले, कौतुकही झालं, पण त्यांनी निकालासाठी मुलांना कधी वेठीला धरलं नाही की एक उत्तर सुचवलं नाही. इतका सरळपणा आणि इतकी माया एकाच माणसात सापडत नाही. मला ती बाईंत सापडली, आणि मी त्यांच्या हाताखाली माणूस झालो.

त्या गेल्यानंतर काही आठवड्यांनी यंदाची चाचणी झाली. पेपर गोळा झाले, पाकिटं बंद झाली. मी मुलांना म्हणालो, "झालं, जा आता घरी." कोणी उठेना. सगळी माझ्याकडे बघत बसलेली. बाईंची पळी अजून ऑफिसच्या खिळ्याला टांगलेली आहे. मी ती काढली आणि चूल पेटवली. मला तरी कुठे स्वयंपाक येतो... आत फरशीवर खडू चालू झाले होते, मी दारातून बघत राहिलो, आणि वास आला तेव्हा उशीर झाला होता. ओशाळून वाढायला घेतलं. तिसरीतल्या एका मुलीने पहिला घास घेतला, जरा थांबली, आणि शेजारणीला म्हणाली, "बाईंचीच आहे."