नानांचं काळं जोडवं

दत्तूनाना कुणाकडे गेले की आधी दारात उभे राहून हुंगत. मग आत येऊन शांतपणे सांगत, "शेगडीची नळी बदला." राजापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई म्हणून त्यांची हयात गेली होती. सगळे वायू त्यांना नाकाने पाठ होते.

एका मे महिन्यात आमच्या वाडीला कुजक्या अंड्यांचा वास सुटला. सगळ्यांनी बोट दाखवलं शेजारच्या सुमनकाकूंच्या नव्या संडासाकडे. तो तर अजून कुलपात होता. संडास असेल तरच नातवाला घेऊन येईन, असं मुंबईच्या सुनेने बजावलं होतं, म्हणून काकूंनी तो बांधला. उद्घाटनाचा मान सुनेला, म्हणून स्वतः आमच्याकडे येत. तरीही देवळातल्या बैठकीत ठरलं, आठवड्यात टाकी फोडायची. काकू आईपाशी बसून रडल्या.

नाना बैठकीत म्हणाले, "वास आला म्हणजे तो कुणाचा तरी असलाच पायजे, असा काय नाय."

वाडीजवळचं तळं आटलं होतं. गाळात पानं कुजत होती आणि त्यातले जिवाणू तो वायू सोडत होते, एवढंच त्यांचं म्हणणं. पण शिपायाचं विज्ञान कोण ऐकणार? मग त्यांनी वारलेल्या बायकोची चांदीची जोडवी काढली. एक तळ्याच्या गाळावर काठीला टांगलं, दुसरं संडासाच्या पाइपाला. मधोमध छत्री उघडून पहाऱ्याला बसले. दोन दिवसांत त्या वायूने तळ्यावरची चांदी काळीठिक्कर पडली, संडासावरची लख्ख राहिली.

गुरवाने लगेच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, गाळात जे कोण बसून वायू सोडतायत, त्यांना चाकरमानी जाईपर्यंत दम धरायला सांग." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." नानाही म्हणाले.

सून आली. तिच्या हस्ते संडासाला नारळ फुटला. काकूंनी काळं जोडवं चिंचेने घासून द्यायला मागितलं, तेव्हा नाना म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. घासू मात्र नको, नायतर वास परत तुझ्यावर येईल." बायकोची जोडी त्यांनी मोडली, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. यंदा मे महिन्यात पुन्हा वास सुटला आणि बैठकीत कुणीतरी सुकट विकणाऱ्या फातिमाबीचं नाव घेतलं. सुमनकाकू उठल्या, पदराची गाठ सोडली आणि ते काळं जोडवं सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

फातिमाबीचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.