दहाची पेज

माझा धाकटा भाऊ बोटीवरून घरी परतला तो कायमचा, असं मी धरून चालले होते. साखर एवढी चढली होती की कंपनीच्या मेडिकलमध्ये तो नापास झाला. साखर उतरली तर पुन्हा घेऊ, म्हणाले. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली, पण नेमकं काय मागावं तेच सुचेना. आम्ही दोघंच उरलेलो, आणि मी शाळेतून निवृत्त होऊन घरात भिंतींशी भांडत बसलेली. आणि तो मात्र रेडी बंदराला बोट लागली की बस पकडून नुसती बघायला जायचा.

डॉक्टरांनी पाव, बिस्किटं आणि गोड चहा बंद केला. मग मी आईची चूल परत मांडली. सकाळी नाचणीची भाकरी, दुपारी कुळथाची पिठी किंवा बांगड्याचं तिखलं, आणि दहा वाजता उकड्या तांदळाची पेज. शितं कमी, पाणी जास्त, तोंडाला खारातली कैरी. शेजारीण कुंपणावरून हसली, "गो, बोटीवरच्या माणसाक पेज वाढतंस?" म्हटलं, आधी पोटोबा मग विठोबा, आणि आमच्यात विठोबा नसला तरी पोट आसाच.

साखर उतरायच्या आधी त्याचा राग उतरला. घोरणं कमी झालं, त्यामुळे मलाही झोप लागू लागली. त्याने परसात तांबडी भाजी लावली आणि हद्दीवरून पलीकडच्या ज्या दुसऱ्या शेजारणीशी वर्षानुवर्षं अबोला होता, तिच्याच हातात पहिली जुडी नेऊन दिली. तिने कुळीथ पाठवले. मे महिन्यात वाडीच्या खुरसापाशी, त्या दगडी क्रुसापाशी, प्रार्थना गातात, तिथे आदल्या वर्षी एका ओळीतच त्याला धाप लागली होती. यंदा तो शेवटपर्यंत गायला. आणि रोज दहा वाजता आम्ही दोघं समोरासमोर बसून पेज प्यायचो, ती तर मला जेवणापेक्षा प्यारी झाली. इतकं बोललो नव्हतो आम्ही लहानपणीसुद्धा.

पण प्रत्येक वाडग्यागणिक तो माझ्यापासून लांब जात होता, हे मला कळत होतं. मला काही वाईट करायचं नव्हतं, फक्त हात जरा सैल सोडायचा होता. नाताळात गूळ-नारळाचा दोदोल केला, पाहुण्यांसाठी. त्याने एक तुकडा खाल्ला आणि लहान मुलासारखं पाहिलं.

"बाय, आणखी एक दी गो."

मी ताटली उचलून आत नेली. स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग दोदोल सगळा शेजारी वाटून टाकला.

पुढच्या मेडिकलहून तो धावतच आला. "बाय, पास झालंय!" मी त्याला मिठी मारली. त्याची हाडं हाताला लागत होती, आणि ती आजाऱ्याची नव्हती, तरण्या माणसाची होती. आठवड्यात बॅग भरली. बॅगेत नाचणीचं पीठ मात्र मी सगळ्यात शेवटी घातलं.

तो गेल्यावर चूल पेटवायचा कंटाळा आला. एकटीसाठी कोण पेज शिजवत बसणार? दहा वाजता चहात पाव बुडवायचा, वरून साखर. गेल्या आठवड्यात पाय सुजले म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर आता साखर माझीच. त्यांनी विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, भाऊ आहे.

रविवारी त्याचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज होता, आणि तो खुशीत होता. "बाय, पेज खातंस मां?"

खरं सांगितलं असतं, तर पुढच्या बंदरात उतरून तो घरी आला असता. मी त्याला ओळखते.

"खातंय रे," म्हटलं. "आता तीच खातंय."

फोन ठेवला आणि उकडे तांदूळ धुवायला घेतले.