भोपाळचा टीकाकार

मामांनी बसवलेलं नाटक रटाळ होतं, असं आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर कुणीतरी निनावी लिहिलं. लिहिणारे बाबा होते, हे आई सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला कळलं असतं, तर भावाच्या अपमानावरून तिनं बाबांशी बोलणंच टाकलं असतं.

रविवारी मामा आमच्या मदन महलच्या घरी आले.

“आयपी अॅड्रेस काढला, भाऊजी. सापडला तो!”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “कोण हो?”

“भोपाळचा निघाला.”

आम्ही भोपाळपासून तीनशे किलोमीटरवर, पण आमच्या इंटरनेट कंपनीची जोडणी भोपाळमार्गे होती. आयपी अॅड्रेसवरून, म्हणजे जोडणीच्या क्रमांकावरून, फक्त ते शहर दिसे. घर फक्त कंपनीला माहीत असे.

“अच्छा! भोपाळहून लोक तुमचं नाटक पाहाले येऊन राहिले?” बाबा म्हणाले.

मामा खुलले. पुढच्या प्रयोगाच्या जाहिरातीत त्यांनी छापलं, ‘भोपाळमध्येही गाजलेलं नाटक’.