राव सारांचा हातगुण

कुंभकोणमला येऊन चहा मागितलात? जाऊ द्या, माफ केलं. कॉफी घ्या आणि माझी फजिती ऐका!

तिरुभुवनम् रस्त्यावर आमचं छोटं वर्कशॉप. तिथं आम्ही विमानाच्या दारांचे ब्रॅकेट रंगवतो. नुसता रंग नव्हे हो, गंज रोखणारं कोटिंग! आणि तेच सुटायला लागलं. प्रत्येक ब्रॅकेटवर, त्याच जागी, गोल पापुद्रा!

काम देणाऱ्या बंगळूरच्या कंपनीनं बजावलं, पुन्हा सुटलं तर काम बंद. म्हणजे वर्कशॉपला कुलूप. आणि तपासणीचा प्रमुख कोण? अस्मादिक!

तेलकट बोट लागलं की कोटिंग धरत नाही, हे मला तोंडपाठ. मग काय, सुटलोच मी! डोक्याला तेल बंद. मेदुवडा बंद. फवारणी करणाऱ्या सेल्वीचा गजरासुद्धा बंद.

“सार, फुलांत कसलं तेल?”

“वाद नको! हातमोजे दाखव!”

तरी कोटिंग सुटतच राहिलं. उलट एका गोलाचे तीन झाले! आता बोला! मला रोज स्वप्नात कुलूप दिसायचं.

शेवटी कंपनीकडून तपासायला निमकर साहेब आले. मूळचे पुण्याचे. म्हणाले, “राव, रोज करता तसं सगळं करून दाखवा.”

मी ऐटीत ब्रॅकेट धुतला, सुकवला, मोजे घालून उजेडात निरखला. साहेब खूश! मग उजवा मोजा काढला. खिशातली डबी उघडली. ब्रॅकेटला चंदनाचे तीन ठिपके लावले, डोळे मिटून पुटपुटलो, ठिपके फडक्यानं पुसले आणि ब्रॅकेट सेल्वीच्या हाती दिला.

साहेबांचा आ वासलेला.

“हे काय होतं, राव?”

“हे? हे कामात येना हो, ही आपली पूजा! हे कोटिंग सुटू नये म्हणून!”

“आणि मोजा का काढलात?”

“मोजा घालून कोणी देवाचं गंध लावतं?”

“रोज तीन ठिपके?”

“आधी एकच होता. कोटिंग सुटायला लागलं, म्हणून वाढवले...”

बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. सेल्वीनं पापुद्रे सुटलेला जुना ब्रॅकेट माझ्यापुढे धरला. तीन गोल. माझ्याच बोटाएवढे!

काम वाचलं बरं का. कोटिंग आता घट्ट बसतं. सेल्वीचा गजरा टोपीखाली परत आला, वडेही परत आले. बंदी उरली ती एकट्या माझ्यावर. सकाळी आत पाऊल टाकायला गेलो, की सेल्वी दारातच अडवते.

“सार, तुम्ही बाहेरूनच हात जोडा. कोटिंग धरेल!”