माइक नको, मिशी नको

माझ्या दादाला ऐकू येत नाही, हे फक्त दोघांना माहीत होतं. एक दादा आणि दुसरी मी. निदान माझी तशी समजूत होती. वहिनींना तर पंचवीस वर्षं वाटत आलं होतं, की नवरा आहे, लक्ष देत नाही. त्यांची त्याबद्दल तक्रार होती, संशय नव्हता.

दादा कापडाच्या कारखान्यात मागावर. एका छताखाली ऐंशी माग आणि प्रत्येकात धोटा खटाखट इकडून तिकडे. तिथे कुणी कुणाला हाक मारत नाही, मारून उपयोगच नाही. मागवाले ओठ वाचतात. आवाज काढायचा नाही, तोंड नीट उघडायचं आणि एकेक शब्द ओठांवर घडवायचा. चार मागांपलीकडून ते एकमेकांच्या सासूची चौकशी करतात, शिव्यासुद्धा देतात. तीस वर्षांत त्या खडखडाटानं दादाचे कान खाल्ले आणि ओठ वाचायची सवय इतकी पक्की झाली, की घरात कुणाला पत्ताच लागला नाही. बोलणारा समोर असला की झालं.

मला कळलं ते दुधामुळे. तो खिडकीत खिळा ठोकत होता आणि मी त्याच्या पाठीमागून तीनदा ओरडले, की दूध उतू चाललंय. दूध गेलं, हा आपला खिळाच बघतोय. चांगलं खडसावायला म्हणून समोर जाऊन उभी राहिले, तर त्याचा चेहराच पडला.

"घरात बोलू नकोस," तो म्हणाला. "पोरीला तर मुळीच नको. तिनं माझी कीव केलेली मला चालणार नाही."

मी शब्द दिला आणि तीन वर्षं स्वतःलाच बोल लावत राहिले.

पोरगी म्हणजे टकळी. बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून हे नाव. यंदा ती वकिलीची परीक्षा पास झाली. आमच्या घराण्यात पदवी ही चीज आम्ही फक्त दुसऱ्यांच्या भिंतीवर पाहिलेली. दादानं निकालाच्या दिवशीच जाहीर केलं, समारंभ करायचा, साठ माणसं बोलवायची. लगेच टकळी म्हणाली, "मग मी दोन शब्द बोलणार हं बाबा. तुमच्याबद्दलही." दादा हसला. मी शेजारीच बसले होते. टेबलाखाली त्यानं माझ्या पायावर पाय दिला.

कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या वादविवाद स्पर्धेला तो मोठ्या हौसेनं गेला होता. तिनं माइक ओठांना लावला आणि दादाला तिचं तोंडच दिसेना. शेवटी परीक्षकांनी निकाल सांगितला, शेजारच्यानं टाळी वाजवली, आणि दादा ताडकन उभा राहून सगळ्यांत जोरात टाळ्या पिटायला लागला. नाव दुसऱ्याच मुलीचं होतं. त्या दिवसानंतर तो तिच्या एकाही कार्यक्रमाला गेला नाही. दरवेळी म्हणायचा, "कारखान्यात पाळी आहे." आता आपल्याच समारंभात पाळी कुठून आणणार? आणि लेक आपल्याबद्दल काय बोलते ते त्याला ऐकायचंही होतं. त्या साठ माणसांचं, केकचं, फुग्यांचं त्याला काहीसुद्धा पडलं नव्हतं.

मी शाळेत लिपिक, तेव्हा याद्या करायचं काम माझ्या गळ्यात. दादा रोज कामावरून आला की नवी अट घेऊन यायचा. खुर्च्या अर्धगोलात हव्यात. बोलणाऱ्याच्या मागची खिडकी झाकायची आणि दिवा समोरून हवा, नाहीतर तोंड काळं दिसतं. माइक नको. साठ माणसांना माइक नको? वहिनींनी कपाळावर हात मारला. सूत्रसंचालनाला वहिनींचे भाऊ तयार होते. त्यांचा आवाज खणखणीत, पण मिशी अशी, की वरचा ओठ कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नाही. "मिशीवाला नको," दादा म्हणाला.

"माझ्या भावाच्या मिशीनं तुमचं काय घोडं मारलंय?" वहिनी कडाडल्या.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी थाप मारली, की कार्यक्रम जरा तरुण वाटावा असं त्याचं म्हणणं आहे. वहिनींचे भाऊ रुसले आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. "नशीब, तुम्हाला मिशी नाही," वहिनी म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

मग त्यानं टकळीला सांगितलं, "भाषण आधी लिहून दे. मी शुद्धलेखन तपासतो." हा माणूस वाणसामानाच्या यादीत 'साबन' लिहितो. आम्ही तिघी हसत सुटलो. टकळी त्याच्याकडे वळली आणि सावकाश म्हणाली, "मी लिहून बोलत नाही, बाबा. तुम्ही बघाच." घरात सगळ्यांत स्पष्ट तीच बोलायची, आधी समोर यायची, मग तोंड उघडायची. मला वाटायचं, वकिलीचं वळण असणार.

समारंभ दोन दिवसांवर आला तेव्हा माझा धीर सुटला. "सांगून टाक तिला," मी दादाला म्हटलं, "नाहीतर मी सांगते. मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही."

"समारंभ होऊ दे," तो म्हणाला. "तिचा दिवस आहे तो. माझ्या कानांचा नाही."

शेवटी आम्ही खुणा ठरवल्या. मी पहिल्या रांगेत त्याच्या शेजारी बसणार. हात एकदा दाबला की हसायचं, दोनदा दाबला की टाळ्या. स्वयंपाकघरात दार लावून आम्ही त्याचा सराव केला. साठीला टेकलेला माझा भाऊ माझा हात धरून हसायचा सराव करत होता, आणि मला रडू येत होतं.

समारंभाच्या दिवशी हॉलचा व्यवस्थापक भलामोठा माइक घेऊन हजर. मी नको म्हटलं तर तो म्हणतो, "साठ माणसं आहेत बाई. मागच्यांना काय ओठ वाचायला लावणार?" तेवढ्यात टकळीच्या मैत्रिणींनी वायर जोडूनही टाकली.

टकळी उभी राहिली. माइकच्या टोकाला काळं स्पंज होतं, त्यानं तिचं तोंड नाकापर्यंत झाकलं. दादानं माझा हात इतका घट्ट धरला, की बोटं दुखायला लागली. ती आईबद्दल बोलली, लोक हसले, मी हात दाबला, तो हसला. जरा उशिरा, पण हसला. मग ती पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली होती ते सांगू लागली. माझ्या हाताला घाम आला होता, पकड निसटत होती म्हणून मी सावरायला गेले आणि हात दोनदा दाबला गेला. दादानं टाळ्या वाजवल्या. ऐन नापास झाल्याच्या वाक्यावर. सगळा हॉल खो खो हसला. दादाचे कान लाल झाले. त्यानं आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि खाली बघत बसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

टकळी थांबली. तिनं माइक बंद करून टेबलावर ठेवला. पुढे आली, बरोबर दिव्याखाली, आणि दादा मान वर करेपर्यंत उभी राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले. आवाज काहीच नाही.

"आवाज! आवाज येत नाही!" मधूनच कुणीतरी ओरडलं. व्यवस्थापक वायरीकडे धावला. शेवटच्या रांगेत कारखान्यातले पाच मागवाले बसले होते. त्यांचा म्होरक्या, पांढऱ्या केसांचा जॉबर, उठून उभा राहिला. "तुम्ही गप बसा हो," तो व्यवस्थापकाला म्हणाला. "आम्हाला ऐकू द्या."

चार मिनिटं ती तशीच बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही. दादा मात्र हसला, अगदी वेळेवर, आणि मागची रांग त्याच्याबरोबर हसली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यानं पुसलंही नाही, पुसताना ओठ चुकले असते. ती थांबल्यावर पहिली टाळी त्यानं वाजवली. वहिनी माझ्याकडे वळल्या. "म्हणजे इतकी वर्षं हे ऐकत नव्हते ते..." एवढंच म्हणाल्या आणि तोंडाला रुमाल लावला.

केक कापून झाल्यावर मी जॉबरला गाठलं. तो म्हणाला, "आम्हीच शिकवलं. लहानपणी बापाचा डबा घेऊन यायची ना. बापाच्या कानांचं तिला तेव्हापासून ठाऊक आहे. तो लपवतोय म्हणून बिचारी गप्प होती."

"आणि आज काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या स्पर्धेत मी हरले तेव्हा एक माणूस माझ्यासाठी उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि तो चुकला असं मी एकदाही मानलं नाही. पुढचं बापलेकीचं आहे, बाई. ते मी नाही सांगणार."

लोक पांगले. दादा खुर्च्या एकात एक रचत होता. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि नीट तोंड उघडून विचारलं, "दादा, पुढे काय म्हणाली रे ती?"

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसला.

"का गं? तुला ऐकू नाही आलं?"