मंदाच्या कंप्युटरातली हळद

चिमे, घे पेन. आज मंदाचं लिही. आपल्या शेजारच्या शांतारामची मंदा गं, चष्मेवाली, चालताना चपला फटाफटा वाजवणारी. बारावी झाली न बोईसरला कंप्युटर शिकली, मंग त्याच क्लासात शिकवायला लागली. तिची आय जयवंती म्हणायची, "दिवसभर काचेपुढं बसते, त्यापेक्षा वाडीत चिकू तरी वेचले असते." आख्खी चिंचणी हसायची. मी पण हसले, खोटं कशाला सांगू.

गेल्या साली माझ्या गळ्यात गाठ आली. डॉक्टर म्हणाला, कापून काढू, जीवाला धोका नाय, पण आवाज राहील का नाय ते आत्ता सांगता येत नाय. हळदीची न लग्नाची साठ-सत्तर गाणी माझ्या आयनं मला दिलेली, ती म्हणायला मला गावोगाव बोलावतात. कुठं लिहिलेली नायत. मला लिहिता येत नाय, तू तवा शिकायला बाहेरगावी, न माझ्या लेकीला, तुझ्या आयला, म्हणता येत नाय. आवाज गेला म्हंजे गाणी गेली.

मंदा आली. म्हणाली, "मावशी, रडता काय? तुमी म्हणा, मी टाईप करते."

रविवारी क्लास बंद असतो, तवा एस्टीनं गेलो. बसले त्या कंप्युटरपुढं, पण तोंडातनं शब्द निघंना. मांडव नाय, हळद नाय, न लग्नाचं गाणं म्हणायचं कसं? आमच्यात तसं म्हणत नायत. परत आलो हात हलवत. दुसऱ्या रविवारी मी घरनं मांडवाला बांधतात तशी उंबराची फांदी नेली, कंप्युटरच्या डोक्यावर बांधली न त्याला हळदीचं बोट लावलं. तेवढ्यात क्लासचा मालक आला.

"अरे मंदा मॅडम, ये क्या जंगल उगाया है?"

"सर, शादी है."

"किसकी?"

"आपके कंप्युटर की."

तो हसत हसत स्टूल ओढून बसला न ऐकतच राहिला. मी लागले म्हणायला. मला मधी थांबवलं की पुढचं आठवत नाय, परत पहिल्यापासनं धरावं लागतं. मंदानं एकेक सुरुवात दहा-दहा वेळा ऐकली, पण एकदा तोंड वाकडं केलं नाय. पाच-सहा रविवारी सगळं झालं. छापायचं तेवढं राहिलं. एकदमच छापू म्हणाली.

मंग माझं आपरेशन झालं. महिनाभर बोलायचं नाय, कुजबुजायचं पण नाय. आठव्या दिवशी मंदा दारात उभी, तोंड एवढंसं.

"मावशी, माझी चूक झाली. तो मराठीचा प्रोग्राम वापरून बघायला दिलेला व्हता, थोड्या दिवसांपुरता. मुदत संपली. आता हजारो रुपये भरा म्हणतो, तर उघडणार. दुसऱ्यात उघडलं तर हे असं दिसतं."

कागद दाखवला. ओल्या वाळूवर खेकडे चालून गेल्यासारखं काय तरी. माझ्या आयची गाणी ती! वरडता येत नाय, तर हातातला तांब्या मी भिंतीवर आपटला. मंदानं पाणी पुसलं, तांब्या जागेवर ठेवला न गेली.

ती गेली बोईसर स्टेशनजवळच्या इंटरनेटवाल्याकडं. तिथनं म्हणे अनोळखी लोकांना विचारता येतं. परदेशातल्या एका आपल्याच मराठी माणसानं उत्तर दिलं. म्हणाला, एका अक्षराला दर वेळी एकच खूण असणार, ती जुळव. न त्यानं सोता बनवलेला मराठीचा प्रोग्राम पाठवला. मुदत नाय, कुलूप नाय. आतनं कसा बनवला ते पण उघडं, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. मंदाला माझ्या गाण्यांच्या सुरुवाती तोंडपाठ झालेल्या. त्यावरनं कंचा खेकडा म्हंजे कंचं अक्षर ते तिनं ओळखलं. बारा दिवस बसून नव्या प्रोग्रामात सगळं परत उतरवलं, काम सांभाळून.

तेराव्या दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन आली न वाचायला लागली. धड्यासारखं वाचत व्हती, चाल नाय की ताल नाय. पण शब्द माझ्या आयचे, एक सुटला नव्हता. चिमे, डोक्यावरचा भारा कोणी तरी उतरवून घ्यावा तसं मला झालं. किती येळ नुसती रडले.

मंग मी बोटं चोळून विचारलं, पैसे किती?

"काय नाय मावशी. तो म्हणतो, मला कोणी तरी दिलं, मी तुमाला दिलं."

मला वाटलं, येडा असंल नायतर लबाड. मंदा म्हणाली, "आपण पण गाणी इंटरनेटवर ठेवू? मंग कोणी पण घेईल, कोणी पण म्हणेल."

दातिवऱ्याची नवसी पण हळदीला गाते, ती इतकी वर्सं माझ्याकडं गाणी मागते, मी एक दिलं नाय. सगळ्यांना दिली तर मला हळदीला बोलावणार कोण? पण मंदाच्या हातातला तो गठ्ठा बघितला. माझ्या एकटीकडं व्हती तवाच तर ती जाणार व्हती. मी मान हलवली. नवसीला पण एक गठ्ठा धाडला.

आवाज आला माझा. फाटका आला, वर चढत नाय, पण आला.

गेल्या महिन्यात मंदाला इंटरनेटवर पत्र आलं. लांब कुठल्या बर्फाच्या देशात आपल्याकडची एक मुलगी हाय. तिच्या हळदीला घरचं कोणी नव्हतं, दोन मैत्रिणी फक्त. तिघींनी कागद धरून आपलं गाणं म्हटलं. मंदानं मला तीनदा वाचून दाखवलं.

पण चाल कंची लावली ते तिनं लिहिलं नाय गं. मी मंदाला म्हटलं, आवाज फाटका असला तरी चाल बरोबर हाय माझी, ती पण पाठव. येत्या रविवारी आवाज भरून घ्यायला टेपवाला येणार हाय. उंबराची फांदी तेवढी सकाळीच आणून ठेव.