दारात टांगलेलं कापड

बस्त्याची माणसं दुकानात दाटीवाटीने बसलेली, चहा फिरतोय, मावश्या आणि आत्या साडीच्या रंगावरून हमरीतुमरीवर आलेल्या. अशा वेळी शेठ हातातली लोखंडी मीटरपट्टी उंच धरायचे. "थांबा राव. आधी पोरीला बोलू द्या." सगळे गप्प झाले की कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या नवऱ्या मुलीला ते विचारायचे, "बाई, तुझ्या घरातली कुठली गोष्ट तुला बरोबर नेता येणार न्हाई?"

लग्नाच्या खरेदीवर टॉवेल-टोपी फुकट देणारे दुकानदार तुम्ही पाहिले असतील. आमचे शेठ मंगलाष्टक द्यायचे, स्वतः रचून आणि मांडवात स्वतः गाऊन. घोडेगावात त्यांचं कापडाचं दुकान आणि समोर माझं झेरॉक्स-कॉम्प्युटरचं. मूळ राजस्थानचं जैन घराणं, पण आजोबांपासून इथलेच झालेले. "आमच्यात फेरे असत्यात, अष्टकं न्हाईत. घरच्या लग्नात मला कोण इचारतंय!" असं म्हणून स्वतःच हसायचे.

मुलगी जे सांगेल ते अष्टकात येणारच. येडगावच्या एकीने धरणावरचा वारा सांगितला, शिनोलीच्या एकीने एका डोळ्याने आंधळी शेळी. अंतरपाटामागे उभं असताना भर मांडवात आपली शेळी कानावर पडली, तेव्हा ती पोर रडता रडता हसली होती. एकीचं अष्टक दुसरीला द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. लगीनसराईच्या धांदलीत मी कधी म्हणायचो, "शेठ, नाव बदला आणि द्या ढकलून." ते माझ्याकडे असे बघायचे, की मी निमूटपणे माझ्या दुकानात परतायचो.

एकदा भीमाशंकरच्या बाजूची, डोंगरातली एक मुलगी आली. शेठनी तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "आयची हाक." आई वारली होती. भातखाचराच्या बांधावरून ती लेकीला हाक मारायची. ती हाक आणि त्या माउलीचं नाव शेठनी अष्टकात घातलं. लग्नाला मी होतो. वाजंत्रीवालेसुद्धा मान खाली घालून उभे होते.

शेठ हरखून गेले. पुन्हा एकदा गाऊन ते अष्टक त्यांनी माझ्याकडून रेकॉर्ड करून घेतलं आणि नेटवर टाकायला लावलं. कुठून कुठून फोन यायला लागले. सत्तरीचा माणूस दिवसातून दहादा रस्ता ओलांडून विचारायचा, "आज किती जणांनी ऐकलं रं?" मुलीला विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी न विचारता केली असेल.

मग एका चॅनेलवाल्याने ते उचललं. आवाज शेठचाच, खाली डीजेचा ठेका आणि वर त्या पठ्ठ्याचं स्वतःचं नाव. मुलीचं नाव त्याने कापून टाकलं. आईचं तसंच ठेवलं, कारण अष्टकात आलंय म्हणजे ते देवीचं असणार अशी त्याची समजूत! मग काय, गावोगावच्या मांडवात ते नाव स्पीकर फाटेस्तोवर घुमायला लागलं. पोरं त्यावर नाचायची, वेडीवाकडी तोंडं करून रील काढायची. ते नाव मी इथे लिहीत नाही.

मुलगी सासरहून तडक दुकानात आली. बसली नाही. "काका, माझ्या आयच्या नावावर पोरं दारू पिऊन नाचत्यात. तुमाला म्या इस्वासानं सांगितलं व्हतं." शेठनी मीटरपट्टी उचलली, परत ठेवली. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

चॅनेलवाल्याला त्यांनी माझ्या दुकानातून फोन लावला. तो म्हणाला, "काका, नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं." शेठ म्हणाले, "भाऊ, मी कापड दारात टांगतो. टांगलंय म्हणून काय कुनीबी उचलून न्यायचं?" तो हसला आणि त्याने फोन ठेवला. वर त्यानेच तक्रार ठोकली, अष्टक आपलंच आहे म्हणून. चार दिवसांत शेठचंच अष्टक नेटवरून काढलं गेलं. माझा संताप संताप झाला. शेठ म्हणाले, "आपलं गेलं ते ऱ्हाऊ दे. त्याचं काढ."

पुरावा म्हणजे लग्नाचा मूळ व्हिडिओ. तो मी शूटिंगवाल्याकडून मिळवला. त्यात अंतरपाट, मुलगी, गाणारे शेठ, सगळं होतं. मी तो पाठवणार, तोच शेठनी माझा हात धरला. "आधी तिला इचारू." आम्ही एसटीने तिच्या सासरी गेलो. शेवटचा चढ ते गुडघे धरून चढले. मुलीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पाठवा. पन त्याचं निघालं, की तुमचं बी परत टाकायचं न्हाई."

शेठच्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम होतं ते. तसं पुन्हा जमणार नाही, हे त्यांना कळत होतं. पडवीत बसून ते तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "बरं बाई. तुझंच हाय ते."

पुष्कळ लिखापढी झाली, पण चॅनेलवाल्याचं निघालं. आमचंही कायमचं गेलं. लोकांच्या फोनमध्ये उरलं ते मात्र उरलंच. एखाद्या मांडवात ते वाजायला लागलं की शेठ डीजेवाल्यापुढे जाऊन हात जोडायचे, "बंद करा राव. कुनाच्या तरी आईचं नाव हाय ते." बहुतेक जण बंद करायचे. एकाने नाही केलं, तेव्हा शेठ न जेवता घरी आले.

गेल्या थंडीत शेठ गेले. दुकान त्यांचा मुलगा चालवतो. खरेदीवर आता कापडी पिशवी मिळते.

परवा ती मुलगी माझ्याकडे आली. काका गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं. "ते तुमच्याकडं हाय का?" म्हणाली. तक्रारीसाठी घेतलेला व्हिडिओ माझ्याकडे राहिला होता. मी स्पीकर लावायला गेलो तर तिने मान हलवली, म्हणून हेडफोन दिले. दोन्ही हातांनी ते कानांवर दाबून ती उभी राहिली. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ऐकून झाल्यावर तिने हेडफोन टेबलावर ठेवले, डोळे पुसले आणि म्हणाली, "आयचं नाव काका लई हळू घेत्यात वो."